चौथं ठिगळ

१

दादा गेला त्या खोलीतून आणखी एक वस्तू गेली होती, हे आधी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. रडारड, डॉक्टर, फोनाफोनी, माणसांची ये-जा; अशा वेळी दाराजवळच्या खिळ्याकडे बघायचं कुणाला सुचतं? सुचलं ते त्याच्या थोरल्या मुलाला, सगळं उरकून घरी परतल्यावर. आणि मग त्याने घर डोक्यावर घेतलं.

"डबा कुठाय? बाबांच्या खोलीतला डबा कुणी काढला?"

आत्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. गेलेला माणूस तिचा एकुलता एक भाऊ. तिचं स्वतःचं आयुष्य विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात गेलं होतं. गोदाम आपसूक जळालं की कुणी जाळलं, हे ती राखेत काठी फिरवून सांगायची. दादा तिला 'फौजदार' म्हणून चिडवायचा. आता चिडवणारंच कुणी उरलं नव्हतं, आणि हे तिला सकाळपासून दर थोड्या वेळाने नव्याने कळत होतं.

दादा जन्मभर शिंपी. डोळे अधू झाले तसं त्याने दुकान बंद केलं, पण हात काही स्वस्थ बसेनात. शेजारीपाजारी इंटरनेटची कंपनी बदलायचे आणि जुने राउटर माळ्यावर टाकून द्यायचे. दादाने ते मागून आणायला सुरुवात केली. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तो शिकला. घर लांबलचक, भिंती जाड. कंपनीने बसवलेला राउटर पुढच्या खोलीत, आणि त्याचं नेट दुसऱ्या भिंतीशीच धापा टाकायचं. दादाने तिथून वायरी ओढल्या आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला एकेक जुना डबा जोडला. जिथे डबा, तिथे नेट. "कोपर फाटलं म्हणून कुणी कोट टाकतं का?" तो म्हणायचा. "ठिगळ लावायचं!" त्या डब्यांना तो ठिगळंच म्हणायचा, आणि कुठला डबा कुठला ते कळावं म्हणून प्रत्येकाला एका रंगाचा दोरा बांधायचा.

पहिलं ठिगळ भाडेकरूच्या खोलीत, लाल दोऱ्याचं. दुसरं स्वयंपाकघरात, पिवळं. तिसरं वरच्या मजल्यावर, थोरल्याच्या दाराबाहेर, हिरवं. आणि चौथं स्वतःच्या मागच्या खोलीत, निळं. मागे उंच इमारत उठल्यापासून त्या खोलीत मोबाइलला रेंज मिळेनाशी झाली होती. तिथून फोन लागायचा तो वायफायवरूनच.

आणि आता तो निळ्या दोऱ्याचा डबाच जागेवर नव्हता. दादा सकाळी सापडला तेव्हा फोन त्याच्या हातात होता. त्याने थोरल्याचा नंबर पुन्हा पुन्हा लावला होता आणि तो एकदाही लागला नव्हता. "थोडं आधी कळलं असतं तर..." एवढं म्हणून डॉक्टरांनी पुढचं बोलणं टाळलं होतं.

थोरल्याने स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या भावजयीवर बोट रोखलं.

"हिने काढलाय. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

२

धाकटी ही धाकट्या मुलाची बायको. नवरा जहाजावर नोकरीला. बापाची बातमी ऐकून निघाला होता, पण रविवारशिवाय पोचत नव्हता. थोरल्याने तेवढ्यात निकालही देऊन टाकला. "धाकटा आला की त्याच्यासमोर सगळं सांगणार. आणि त्याच दिवशी ही घराबाहेर. बापाच्या जिवावर उठलेल्या बाईबरोबर मी एका छताखाली राहणार नाही."

"रविवारपर्यंत तोंड मिटून बस," आत्या म्हणाली. "तोवर मी बघते काय ते."

धाकटी घासलेलंच पातेलं पुन्हा घासत होती. आत्याने तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि तिला पाटावर बसवलं.

"डब्यांवरून भांडायचीस म्हणे त्याच्याशी?"

"भांडायचे की! इथे वायर, तिथे डबा, चमच्यांच्या खणात पक्कड. म्हटलं, एक दिवस सगळं भंगारात घालीन. तर म्हणाले, खुशाल घाल, मी भंगारवाल्याकडून परत आणीन." ती हसायला लागली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. आत्याने तिला रडू दिलं.

"थोरल्याने काय पाहिलं?"

"काल दुपारी मी भंगार द्यायला निघाले होते. मोडका पंखा, पत्र्याचे डबे. बाबा घाईघाईने आले आणि पिशवीत एक राउटर टाकला. म्हणाले, हाही ने, याचा जीव गेला. मोठ्या भाऊजींनी वरच्या खिडकीतून माझ्या हातातली पिशवी तेवढी पाहिली असणार."

"त्याने टाकताना कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही."

"दोरा कुठल्या रंगाचा होता?"

"मी बघितलंच नाही हो, आत्या." धाकटीने पदराने डोळे पुसले. "तेव्हापासून तेच चाललंय डोक्यात. निळाच असला तर? मीच नेऊन दिला असला तर? जरा वाकून बघायला काय झालं होतं मला?"

"त्याआधी दादा कुठे होता?"

"वर गेले होते. खाली आले तेव्हा घामाघूम, गुडघे धरून चालत होते. मला वाटलं, सकाळचं मिटवायला गेले असतील. सकाळी मोठे भाऊजी नेटवरून तापले होते ना."

आत्याने आणखी एकच प्रश्न विचारला. "सापडला तेव्हा गळ्यात टेप होती का गं त्याच्या?"

दुकान बंद झालं तरी कापडी टेप दादाच्या गळ्यातून उतरली नव्हती. झोपतानाही ती उशाशी लागायची.

"नव्हती," धाकटी म्हणाली. "मी सगळी खोली शोधली. कुठेच नाही."

३

दुसऱ्या दिवशी आत्या भंगारवाल्याकडे गेली. तो दादाचं जुनं गिऱ्हाईक निघाला. त्याच्या लग्नातला कोट दादाने शिवला होता. बातमी ऐकून तो खाली बसला, मग उठून मुकाट्याने ढीग उपसायला लागला. पिशवी तशीच होती. पंखा, पत्र्याचे डबे आणि तळाशी काळा राउटर.

"दोरा तू काढलास?"

"मी कशाला काढू? असाच आलाय."

आत्याने राउटर उलटापालटा करून पाहिला. वर धुळीचा कण नाही. म्हणजे अडगळीतला नव्हे, अगदी परवापर्यंत चालू असलेला. तिने तो नाकाशी नेला. आतून करपल्याचा वास येत होता. त्या वासाबाबत तिची फसगत व्हायची नाही, तेवढी गोदामं तिने पालथी घातली होती.

म्हणजे परवा दुपारपर्यंत या घरातलं एक ठिगळ जिवंत होतं, ते करपलं आणि पिशवीत गेलं. आणि घरातला नाहीसा झालेला डबा एकच, निळा. दोन आणि दोन चार करायला थोरल्याला फार वेळ लागला नसता. खिळ्यावरचा डबा करपला, म्हाताऱ्याने विश्वासाने हातात दिला, आणि हिने दुसरा लावून घ्या म्हणण्याऐवजी भंगारात नेऊन घातला. धाकटीला तर हेच खरं वाटायला लागलं होतं.

राउटर पिशवीत घालून आत्या परतली. अंगणात पाय ठेवला तर समोर भाडेकरूची खिडकी अर्धी उघडी. तो एका टॉवेलात काहीतरी गुंडाळून घाईघाईने कॉटखाली सारत होता. टॉवेलातून काळी वायर लोंबत होती.

४

भाडेकरू मुलांना गिटार शिकवायचा, तेही बहुतेक ऑनलाइन, म्हणून घरात त्याचं नाव गिटारवाला. आत्याने दार न वाजवता उघडलं आणि सरळ कॉटवर बसली.

"काढ बाहेर."

त्याने काढलं. टॉवेलात राउटर होता. कोरा करकरीत म्हणावा असा, आणि त्यालाही दोरा नव्हता.

"मी चोरला नाही, आत्या. माझाच आहे. आधीच्या घरातला, नुसता पडून होता." तो घाईघाईने सांगू लागला. "परवा संध्याकाळी काका आले होते. म्हणाले, तुझा तो जुना डबा दे रे, मला एक ठिगळ कमी पडतंय. माझा क्लास चालू होता. पोरं समोर बसलेली. डबा कुठल्या खोक्यात होता देव जाणे. म्हटलं, काका, सकाळी देतो, चालेल?"

"मग?"

"म्हणाले, चालेल की, एका रात्रीचा तर प्रश्न आहे." त्याने टॉवेल तोंडाशी धरला. "सकाळी मी तो शोधून, पुसून घेऊन निघालो. दारात पोचलो तर आत रडणं ऐकू आलं. तसाच मागे फिरलो. कुणाला सांगू, आत्या? उठून खोकं उघडायचं होतं नुसतं. पाच मिनिटांचं काम."

आत्याला त्याच्यावर रागवायचं होतं, पण जमेना. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"कुठे लावायचाय, ते बोलला?"

"नाही. घाईत दिसले नाहीत. उलट खुशीत होते. फौजदाराला सांगू नकोस, म्हणाले, मी स्टुलावर चढलो म्हणून ओरडेल."

आत्या उठली. दारापर्यंत जाऊन ती थबकली. दादाच्या खोलीतला खिळा हाताला लागेल इतका खाली होता. तिथला डबा काढायला त्याला स्टूल लागत नसे.

५

मागच्या खोलीत ती एकटीच गेली. शिलाई मशीन, त्यावर पांघरलेला पंचा, कात्र्या, आणि रिकामा खिळा. खिळ्याखाली वायरीचं टोक होतं. कुणी ओढून काढावी तशी ती लोंबत नव्हती. नीट गुंडाळी करून दोऱ्याने बांधली होती, आणि दोऱ्याला बटणाखाली देतात तसे वेढे देऊन टोक आत सारलं होतं. ती गाठ आत्या फ्रॉक घालायची तेव्हापासून ओळखत होती. चोर वायरी बांधून ठेवत नाहीत.

मशीनच्या खणात दादाचा फोन होता. त्या सकाळी थोरल्याने त्यातले न लागलेले कॉल पाहिले, बॅटरी संपून पडदा काळा झाला, आणि त्याने तो तिथेच टाकून दिला होता. आत्याने तो चार्जिंगला लावून चालू केला आणि मशीनवर ठेवला. शेजारी सुया टोचायची उशी होती. तिच्यात एका टाचणीला, कात्रीने कापलेला, एक दोरा अडकवलेला होता. वाया घालवायचा नाही म्हणून परत जपून ठेवलेला. दोरा हिरवा होता.

आत्या खाली जमिनीवर बसली. सगळं कळलं होतं आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं. ती बराच वेळ तोंडात पदर धरून रडली.

खोटं सांगणं किती सोपं होतं! करपला तो निळाच, दादानेच टाकला, कुणाचा दोष नाही, विषय संपला. थोरल्याला झोप लागली असती. पण मग धाकटी? पिशवी तिच्या हातात होती. निळा डबा आपणच नेऊन दिला हे ती जन्मभर उराशी धरून बसली असती, आणि दीर जन्मभर तिच्याकडे तसंच बघत राहिला असता. एकाचं ओझं कमी करायला ते दुसरीच्या डोक्यावर ठेवायचं, आणि तेही तिचं नसताना, हे आत्याला जमण्यासारखं नव्हतं. डोळे पुसून ती जिना चढू लागली.

थोरला खोलीत कॉम्प्युटरसमोर नुसता बसला होता. त्याचं लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती. ही खोली आणि ही नोकरी एवढाच त्याचा संसार होता.

"परवा सकाळी काय झालं होतं रे?"

"मीटिंग होती. वरच्या साहेबांसमोर. माणसं कमी करायचं चाललंय आमच्याकडे. आणि नेट गेलं. आधी तुटक तुटक, मग पार बंद." त्याने मान खाली घातली. "मी खाली जाऊन बाबांना बोललो. नको ते बोललो. तुमच्या या ठिगळांपायी माझी नोकरी जाणार, म्हटलं."

"मग मीटिंग?"

"दुपारवर ढकलली. दुपारी झकास झाली. कंपनीने लाइन नीट केली असणार. तेव्हापासून एकदाही तुटलं नाही बघ. या घरात एवढं चांगलं नेट कधीच चाललं नव्हतं."

"कंपनीचा माणूस आलेला पाहिलास?"

"नाही. मी दार लावून, कानाला हेडफोन लावून बसलो होतो."

आत्याने खोल श्वास घेतला. "स्टूल आण," ती म्हणाली. "आणि दाराबाहेरच्या माळ्यावर हात घाल."

६

थोरल्याचा हात आधी मऊसर कशाला तरी लागला. त्याने ते ओढून काढलं. कापडी टेप होती, कडा झिजलेली, आकडे पुसट झालेली. वायर पुरते की नाही ते मोजून दादा ती तिथेच विसरला होता. मग त्याने डबा काढला. डब्याचे दिवे लुकलुकत होते, आणि त्याला निळा दोरा बांधलेला होता.

तो स्टुलावरच उभा राहिला. आत्या खालून हळूहळू बोलू लागली.

"परवा सकाळी हिरवा करपला. म्हणून तुझं नेट गेलं. भंगारात सापडला तो हिरवा. त्याचा दोरा दादाने कापून उशीत टोचून ठेवलाय. दुसरा डबा घरात नव्हता. तुझी मीटिंग दुपारी होती. त्याने आपल्या खोलीतला काढला, वायर बांधून ठेवली, जिना चढला आणि इथे लावला. करपलेला धाकटीच्या पिशवीत टाकला. संध्याकाळी गिटारवाल्याकडे स्वतःसाठी दुसरा मागितला. तो म्हणाला, सकाळी देतो. दादा म्हणाला, एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"पण मला कळलं कसं नाही?" थोरला पुटपुटला. "मोबाइलवर नाव तर तेच दिसत होतं..."

"सगळ्या डब्यांना त्याने एकच नाव दिलं होतं रे. एकच पासवर्ड. कोण कुठल्या डब्यावर आहे ते कुणालाच कळत नसे. ठिगळ दिसलं तर शिंपी कसला, म्हणायचा."

थोरला खाली उतरला आणि पायरीवर मटकन बसला. डबा त्याने मांडीवर धरला होता.

"मीच मारलं त्यांना."

"नाही." आत्या त्याच्याजवळ बसली. गुडघे दुखले, तरी बसली. "तू बापावर ओरडलास. पोरं ओरडतात. मीही खूप बोललेय त्याला. तो रागावून नव्हता गेला वर. खुशीत होता, विचार गिटारवाल्याला. त्याला वाटलं, एक रात्र निभेल. नाही निभली. यात कुणाला फाशी द्यायची, सांग? मी आयुष्यभर दोष शोधले. इथे मला नाही सापडला."

तो लहान मुलासारखा रडला. आत्याने त्याला थोपटलं नाही. नुसती शेजारी बसून राहिली, कारण तिचेही डोळे कोरडे नव्हते.

मग तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. धाकटीसमोर उभा राहिला. तिने त्याच्या हातातला निळा दोरा पाहिला, गळ्यात अडकवलेली टेप पाहिली, आणि आत्याकडे पाहिलं. आत्याने मान हलवली.

"हा वर होता," थोरला कसंबसं म्हणाला. "माझ्यासाठी. बाबांनी स्वतः... तू काही केलं नाहीस. धाकटा आला की मी सांगेन त्याला. मी सांगेन. तू कुठे जाऊ नकोस."

धाकटीला रागवायचा पूर्ण हक्क होता. तिने ओले हात पदराला पुसले. "तुमचे हात कापताहेत, मोठे भाऊजी," ती म्हणाली. "पाडाल तो. द्या इकडे."

तिघं मागच्या खोलीत गेली. थोरल्याने वायरीची गुंडाळी सोडली. दोऱ्याची गाठ त्याला तोडवेना; नखाने उकलून त्याने दोरा खिशात ठेवला. धाकटीने डबा खिळ्यावर टांगला. दिवे एकेक करून लागले. तिघंही उगाचच त्यांच्याकडे बघत राहिले.

इतक्यात थोरल्याच्या खिशातला मोबाइल वाजला. त्याने काढून पाहिलं आणि तो पांढराफटक पडला.

"बाबांचा मेसेज आहे."

आत्याने मशीनकडे पाहिलं. चार्जिंगला लावलेल्या दादाच्या फोनचा पडदा उजळला होता. त्या संध्याकाळी दादाने या खोलीत बसून काहीतरी लिहिलं होतं, आणि नेट नसल्यामुळे ते फोनमध्येच अडकून पडलं होतं. घरातलं नेट या खोलीत परत आलं तसं ते निघालं.

"काय लिहिलंय?" तिने विचारलं.

थोरल्याने वाचलं. "आता नीट चालतंय ना रे वर? सांग हं."

धाकटीने तोंडावर हात घेतला. थोरला मशीनसमोरच्या स्टुलावर बसला, बापाच्या जागेवर, आणि दोन्ही अंगठ्यांनी सावकाश लिहू लागला. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवलं.

"हो बाबा. झकास चालतंय."

मशीनवरचा फोन टिंग करून वाजला.